लॅपटॉपसाठी दोन पोती मीठ

अण्णा, तुझ्या परसातलं, तुझ्या बायकोचं, पद्माक्काचं पपनसाचं झाड मी मारलं. वाळवीनं नाही, उन्हानं नाही, आणि तू तिला सांगितलंस तसं ॲसिडच्या पाण्यानं तर मुळीच नाही. त्या झाडापासून चार पावलांवर मी माणूसभर खड्डा काढला, त्यात दोन पोती मीठ घातलं आणि वर पाच महिने दर रविवारी मिठाच्या पाण्याची बादली ओतली. कशासाठी, तर तुझ्या अँप्लिफायरला माझा लॅपटॉप जोडला की स्पीकरमधून हमिंग येत होतं म्हणून.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत तुझ्याबद्दल इतकं गोड लिहिलं गेलंय की वाचून तुला मळमळलं असतं. तुझ्या त्या हायफायवाल्यांच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, 'निपाणीचा सोन्याचा कान गेला.' हा तोच गृहस्थ, ज्याला स्पीकरची वायर जमिनीवरून उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली की तबल्याची शाई ऐकू येते. दुसऱ्यानं तुझा फोटो टाकला आणि त्याच्या खाली स्वतःच्या नव्या स्पीकरचा. तिसऱ्यानं हात जोडलेलं चित्र टाकून विचारलं, सेट काढायचा आहे का, असला तर आधी मला कळवा. तू असतास तर एवढंच म्हणाला असतास, "ह्यांच्या कानात मळ न्हाय रं परशा, माहिती साठलीया."

ही तुच्छता मी तुझ्याकडूनच उचलली. उचलली कसली, चाळीस वर्षं तिचा मारा खाऊन ती अंगात मुरली. अख्ख्या निपाणीत एकही आवाज तुझ्या पसंतीला उतरला नाही. वरातीतला डीजे म्हणजे तुझ्या मते दगड फोडायचं मशीन. मोबाइलला जोडायचे छोटे स्पीकर म्हणजे बोलणारी साबणाची डबी. बस्तीतल्या, म्हणजे तुमच्या जैन मंदिरातल्या कर्ण्यालाही तू सोडलं नाहीस. पंचांसमोर उभा राहून म्हणालास, "भगवान काय बोलत न्हाईत म्हणून कसला बी फाटका आवाज चालतोय असं न्हाय." पंचांनी कर्णा बदलला. नव्यालाही तू नावं ठेवलीस.

आणि या सगळ्यांच्या खाली, तळाला, मी. बेळगावच्या पॉलिटेक्निकच्या हॉस्टेलवर तू मला दोन वर्षं पुढं. तू खोलीत अँप्लिफायर जुळवायचास आणि मी सोल्डरचा डाग देताना वायर धरून बोटं भाजून घ्यायचो. पुढं तू घरच्या तंबाखूच्या वखारीत बसलास आणि मी उद्यमबागेत, फौंड्रीच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये. त्यानंतर आयुष्यभर माझी ओळख तू लोकांना एकाच वाक्यात करून देत आलास. "हा परशराम, अनगोळचा. फौंड्रीत हाय. ह्याला कान न्हाईत, दोन बाजूंना मासाचे तुकडे हायत."

मी हसायचो. कारण ते खरं होतं.

तरीही लॅपटॉप आणायची अक्कल मला सुचली. का सुचली ते तुला मी कधी सांगितलं नाही, आता सांगतो. तुझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्यानंतरचा एक रविवार. मी आलो तर दार नुसतं लोटलेलं, आक्का बस्तीत गेलेली. आतून फक्त खर्र, खर्र असा आवाज. रेकॉर्डची बाजू संपून सुई शेवटच्या रेघेत फिरत होती आणि तू समोर खुर्चीत बसून तो आवाज ऐकत होतास. किती वेळ, ते मी विचारलं नाही. तुला उठता येत नव्हतं. आक्काला तू उभ्या जन्मात तबकडीला हात लावू दिला नव्हतास, त्यामुळं ती घरात असती तरी बोलावलं नसतंस. मला बघून म्हणालास, "बघतोस काय, उलटी घाल." मी उलटी घातली. तू म्हणालास, "बोटं लावलीस."

पुढच्या रविवारी मी लेकीचा जुना लॅपटॉप घेऊन आलो. तुझ्याकडं होत्या त्याच गाण्यांच्या चांगल्या प्रती मिळवून त्यात भरल्या होत्या. खरं कारण सांगितलं असतं तर तू मला हाकलून दिलं असतंस. म्हणून म्हणालो, "आता जगात असंच ऐकत्यात."

"जगात लई काय काय करत्यात," तू म्हणालास. "म्हणून आपण करायचं?"

लॅपटॉपमधल्या आकड्यांचा आवाज करणारी एक डबीही मी बेळगावातून आणली होती. दुकानदारानं मला सांगितलं होतं, "साहेब, ह्याच्यातनं ऐकलं की गाणारी बाई तुमच्या मांडीवर येऊन बसत्या." हे मी तुला सांगितलं, तेव्हा तू पहिल्यांदा हसलास आणि स्वयंपाकघराकडं बघून म्हणालास, "हिला सांगू नगंस."

जोडाजोड झाली. मी मोठ्या दिमाखात बटण दाबलं. बाई सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून घूं असा एकसुरी आवाज यायला लागला. फ्रिजच्या मागं कान लावल्यावर येतो तसला. तू डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलंस आणि विचारलंस, "तानपुरा कशाला आणलास बरोबर?"

"ते जाईल. वायर हलली असंल."

"पेटीतली पांढरी पाच हाय. जरा चढी. आणि बाई गात्यात काळी चारात. तुझा तानपुरा आणि बाई एकमेकींच्या झिंज्या ओढाय लागल्यात परशा. साकु." तू खरा वैतागलास की कानडीत जायचास. साकु म्हणजे पुरे, आणि तुझ्या तोंडून आलेला साकु म्हणजे माणसानं चप्पल घालावी.

मी घातली नाही. इथून पुढची माझी करणी मी स्वतः ऐकवली तर फौंड्रीतल्या पोरांना खोटी वाटते, इतकी ती मूर्खपणाची आहे. आधी वायर बदलली. मग तिच्याहून जाड वायर आणली. मग सोन्याचं पाणी दिलेली. हमिंगला सोन्याचा मुलामा बसला, दुसरा फरक नाही. इंटरनेटवरच्या विद्वानांना विचारलं. एक म्हणाला डबी बदला, एक म्हणाला भिंतीतली वायरिंग बदला, आणि एकानं फार समजूतदारपणे लिहिलं की कदाचित तुमच्या खोलीचा स्वभावच तसा असेल. हे लोक लिहितात, आणि माझ्यासारखे चष्मा लावून वाचतात.

शेवटी मी माझ्या तीस वर्षांच्या नोकरीला स्मरून निदान केलं. आमच्या फौंड्रीत काहीही बिघडलं तरी आधी अर्थिंग बघायचं असतं. भट्टीचं पॅनल चटका देतंय, अर्थिंग बघा. क्रेन मधेच थांबतेय, अर्थिंग बघा. मी तुझ्या घरची अर्थिंग बघितली, नाक मुरडलं आणि सांगितलं, "अण्णा, तुझ्या घराला अर्थिंगच न्हाय म्हटलं तरी चालंल. परसात खड्डा काढून नवीन घालू. कोळसा आणि मीठ. फौंड्रीसारखी."

तू म्हणालास, "चातुर्मास लागलाय. आता चार महिने माती उकरायची न्हाय."

हे मला माहीत असायला हवं होतं. इतकी वर्षं तुमच्या घरी येतो, दिवस मावळायच्या आत पाटावर बसून जेवतो, कांदा-बटाट्याशिवाय जेवण होऊ शकतं हे मान्य केलं, पण पावसाळ्यात जमिनीत जीव असतात म्हणून कुदळ लावायची नाही, हे माझ्या डोक्यात राहिलंच नव्हतं. चार महिने आपण हमिंग ऐकत बसलो. दर रविवारी मी अनगोळहून मोटारसायकल हाणत यायचो, तू पांढरी पाच ऐकून तोंड वाकडं करायचास, मी म्हणायचो, चातुर्मास संपू दे. असं मुहूर्ताची वाट बघत बसलेलं हमिंग सगळ्या जगात फक्त तुझ्याच घरी असेल.

दिवाळी झाली आणि मी कुदळ घेऊन हजर. आक्का माहेरी चिकोडीकडं गेली होती. पपनसाचं रोपही तिकडचंच. ते तिनं लावलं, वाढवलं. गावात चातुर्मासाला मुनिमहाराज असले की आहाराला तिच्या झाडाचं पपनस जायचं, फोडी सोलून, बी काढून. त्याचा तिला केवढा अभिमान, हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. फळं मोजून ठेवायची मात्र. हे सगळं माहीत असून मी खड्ड्याला जागा निवडली ती झाडाजवळची. का, तर तिथली माती ओलसर असते आणि अर्थिंगला ओल लागते. फौंड्रीतलं शहाणपण.

तू खुर्ची परसात मांडून मुकादमासारखा बसलास. मी दोन घाव घातले की तू हात वर करायचास. "थांब. मुंग्या." मग मुंग्या वाट बदलेपर्यंत आपण थांबायचो. "गांडूळ हाय बघ, त्याला बाजूला ठेव. पानावर घे, हातानं नगं." एका गांडुळासाठी मी दहा मिनिटं पान शोधत फिरलो. एवढी सगळी अहिंसा पाळून झाल्यावर आपण त्या खड्ड्यात दोन पोती मीठ ओतलं. मुंगीला वाट दिली, आणि झाडाचा विचार दोघांपैकी एकाच्याही मनाला शिवला नाही. दोन डिप्लोमाहोल्डर.

आक्का आली. बुजवलेल्या खड्ड्यातून वर आलेलं अर्थिंगच्या पाइपाचं टोक बघून म्हणाली, "हे काय घातलंय?"

"अर्थिंग," तू म्हणालास. "कोळसा हाय आत."

कोळसा होता, हे खरंच. बाकीचं तू गिळलंस.

आणि हमिंग? दुप्पट झालं. घराची जुनी अर्थिंग एकीकडं, माझी नवी एकीकडं, आणि दोघींमधून फिरणारा करंट तुझ्या स्पीकरमध्ये. हे मला पुढं कळलं. तेव्हा मी म्हणालो, "अर्थिंगनं अजून जीव धरला न्हाय. पाणी घालाय पाहिजे, मिठाचं." मग दर रविवारी आक्का बस्तीत गेली की मी बादलीभर घालायचो. पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. मी म्हणालो, थंडी. मग लहान फळं गळाली. मी म्हणालो, वारं. उन्हाळ्यात झाड खडखडीत वाळलं.

त्या रविवारी आक्का आपल्या दोघांसमोर येऊन उभी राहिली. तुझ्या आणि माझ्या हातात चहा. ती शांतपणे म्हणाली, "झाडाला काय घातलंसा?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, अण्णा. पण माझा वेग तुला माहीत आहे. तू आधी बोललास. "मीच. सर्किट धुतलेलं ॲसिडचं पाणी तिथं ओतत होतो. ध्यानात आलं न्हाय."

तिनं तुझ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी कपात बघितलं. चहाला चांगला रंग आला होता, एवढंच मला आठवतं.

त्या दिवसापासून ती तुझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. जेवायला वाढलंय. गोळी घ्या. पाऊस येईल. मी तुला परसात गाठून म्हणालो, "मी सांगतो खरं काय ते." तू म्हणालास, "सांगितलंस तर ती तुला उंबरा चढू देणार न्हाय. मग रविवारी मी काय भिंतीसंग भांडू?" तुझ्या तोंडून माझ्याबद्दल निघालेलं सगळ्यात प्रेमाचं वाक्य तेच. मी ते लगेच मान्य केलं. त्यात माझी सोय होती ना.

मग भाद्रपदात क्षमावणी आली. दरवर्षी त्या दिवशी तुझा फोन ठरलेला. वर्षभरात मनानं, बोलण्यानं, वागण्यानं दुखावलं असेल तर क्षमा, हे तू इतक्या घाईत म्हणायचास की जणू गाडी चुकतेय. आणि वर, "पण तुझ्या कानाबद्दल बोललो ते सोडून. ते खरं हाय." त्या वर्षी तू घाई केली नाहीस. म्हणालास, "आज ती सगळ्यांना क्षमा म्हणाली रं. भाड्यावरनं भांडण झालेल्या शेजाऱ्याला बी. माझ्यापाशी आली, ताट ठेवलं आणि गेली."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "होईल बरं." क्षमावणीच्या दिवशी मी, परशराम, तुला होईल बरं म्हणालो, जणू तुला सर्दी झाली होती.

दोनच आठवड्यांनी हमिंग गेलं. विद्वान, वायरी, खड्डा, मीठ, सव्वा वर्ष, सगळं झाल्यावर. मी पाणी प्यायला उठलो, लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरीत पाय अडकला, पिन भिंतीतून निघाली आणि मी तुझ्या रेकॉर्डच्या कपाटावर आदळलो. घरात एकदम शांतता. मग त्या शांततेत बाईंचा षड्ज. लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवायचा, बस. एवढाच उपाय होता. हमिंग त्या चार्जरच्या वाटेनं येत होतं. तीस वर्षं मेंटेनन्स केलेल्या माणसाला ते सापडलं ते धडपडून.

मी कपाटाला टेकून तसाच उभा राहिलो. तू हात वर केलास, मुंग्यांसाठी करायचास तसा. तासभर गाणं चाललं. तुला एकदाही उठावं लागलं नाही. मधे एकदा मी बघितलं, तर तू गाणं ऐकत होतास की खिडकीतून त्या वाळक्या खोडाकडं बघत होतास, मला ठरवता आलं नाही. संपल्यावर तू म्हणालास, "बरं हाय. पण मेलेलं हाय. रेकॉर्डला धूळ असत्या, त्यामुळं माणूस जवळ बसलाय असं वाटतंय." मी म्हणालो, "धूळ म्हणजे माणूस न्हवं अण्णा." तू म्हणालास, "कान न्हाईत त्याच्याशी काय बोलायचं." पुढचे सगळे रविवार हेच भांडण. ते तसंच राहिलं. मला आजही वाटतं, मी बरोबर आहे. आणि तासभर न उठता तू गाणं ऐकलंस, ते माझ्या लॅपटॉपवर, मेलेल्या आवाजावर, हे मी तुझ्या त्या ग्रुपवाल्यांना कधीतरी लिहून कळवणार आहे. तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही, तेव्हा हे त्यातलंच समज.

काल रविवार होता. आक्काचा निरोप आला होता, तुमचं काय ते यंत्र घेऊन जावा. मी गेलो. हॉलमध्ये तुझी खुर्ची भिंतीकडं सरकवलेली. मी लॅपटॉप बंद केला, वायरी गुंडाळायला घेतल्या, आणि गुंडाळता गुंडाळता एकदम म्हणालो, "आक्का, झाड मी मारलं. अण्णानं न्हाय. मी मीठ घातलं होतं."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. "दोन पोती," ती म्हणाली.

मी गुंडाळलेली वायर पुन्हा उलगडायला लागलो.

"रिकामी पोती तुम्ही बंबाच्या जळणात खुपसून गेलता, परशराम. रोज जळण मीच काढते."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासनं ठाऊक होतं? मग त्याच्याशी का अबोला धरला? आणि तो तसाच..." तू तसाच गेलास का, हे मला तीन आठवडे कुणाला तरी विचारायचं होतं.

"तसं काय न्हाय. दवाखान्यात त्यांना क्षमा म्हणाले मी. त्यांनी बी म्हटलं. पाणी पिऊन झोपले." तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "आणि झाडासाठी कोण रागावलंय? माहेरी अजून चार हायत. चाळीस वर्षांत त्यांनी मला एक खोटं सांगितलं न्हवतं. पहिलं सांगितलं ते तुमच्यासाठी. सांगायचंच होतं, तर जरा बऱ्या माणसासाठी तरी सांगायचं."